पाकोळीला नवा पंप का मिळत नाही

कप्तान मला एकदा समोरासमोर भेटायला हवा होता. दारातच उभं केलं असतं आणि विचारलं असतं, "काय रे, निघण्याआधी यान तपासायची काही पद्धत आहे की नाही तुमच्यात? की जिवाशी आल्यावरच तुझं डोकं चालतं?"

कप्तान म्हणजे 'पाकोळी' या अंतराळयानाचा कप्तान. पुस्तकातला. मी लग्न होऊन या घरात आले त्या सुमाराला त्याच्या मोहिमांची पुस्तकं निघायला लागली. पुढे लेखक म्हातारा होऊन वारला, त्याच्या मुलीनं लिहायला घेतलं, पण कप्तानाचा एक केस पांढरा झाला नाही. आमच्या घरातलं एक आख्खं कपाट त्यानं अडवलं आहे. कपाट माझं, पुस्तकं माझ्या धाकट्या दिराची.

माझ्या लग्नात हा दीर शाळकरी पोर होता. गुडघे फुटलेले, खिशात खिळे. त्यामुळे आमच्यात भाऊजी-बिऊजी कधी झालं नाही. मी त्याला अरे म्हणते, तो मला वहिनी म्हणतो, अहो-जाहो करतो आणि ऐकत काहीही नाही. मी पदार्थविज्ञान शिकले आणि जन्मभर शिकवलं. पोकळीत आवाज जात नाही, तेव्हा शत्रूचं यान 'धडाडकन' फुटलेलं कप्तानाला ऐकू येणं शक्य नाही, हे मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं. त्यानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्हाला नाही येणार ऐकू. कप्तानाला येतं."

शेवटचा भाग संपला की दुसऱ्या दिवशी पहिला उघडायचा, असा त्याचा आयुष्यभराचा क्रम. मधे त्याचं लग्न झालं, बायको फार लवकर गेली, नंतर माझे यजमान गेले, घरात आम्ही दोघंच उरलो. कप्तान चालूच. लोक म्हणतात, दुःखात माणसाला आधार लागतो. लागतो ना. पण आधार घ्यावा असा माणूस तरी निवडावा.

कारण या कप्तानाचं एकच कौतुक आहे : तो वेळ मारून नेतो. यानाचा इंधनाचा पंप बंद पडतो. कधी लघुग्रहांच्या गर्दीत, कधी लोहमुख नावाच्या शत्रूंनी चारी बाजूंनी घेरलेलं असताना. मुख्य तळाकडे मदत मागावी तर मुख्य तळ लाखो कोसांवर. मग कप्तान डोळे किलकिले करून इकडेतिकडे बघतो, "बघू या, हाताशी काय आहे," म्हणतो आणि कमरेचा पट्टा, जेवणाच्या ताटलीचं झाकण, बुटाची नाडी असल्या वस्तूंतून पंप चालू करतो. सगळे वाचतात. सरसेनापती त्याच्या छातीवर मानाचा तारा लावतात. पुढच्या भागात ये रे माझ्या मागल्या.

माझ्या दिरानं हे वाक्य उचललं. "बघू या, हाताशी काय आहे." शाळा संपवून तो यंत्रदुरुस्ती शिकला आणि मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात लागला. तिथे सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं तिथे धुतलं जातं आणि वाळून, दाबून परत जातं. यंत्रं जुनी. मिस्त्रीची कीर्ती अशी, की तो असेपर्यंत काहीही बंद पडत नाही. घरीही तेच. आमच्या फ्रिजचं दार त्यानं सायकलच्या ट्यूबनं बांधलेलं आहे, पंख्याला चमच्याचं पातं आहे, आणि न्हाणीघरातला नळ उघडायला एक विशिष्ट पाना लागतो, तो पाना कुठे आहे हे फक्त त्याला माहीत. मी एकदा नवा नळ आणला तर स्वारी दोन दिवस रुसली.

"चालतोय की तो, वहिनी."

"चालत नाहीये. तू चालवतोयस. दोन्हींत फरक आहे."

त्याला तो फरक कळला नाही. कळण्यासारखी त्याच्यावर वेळ आली ती सांगते.

धुलाईघरात एक मोठं इस्त्रीयंत्र आहे. त्याला तिथे सगळे रोलर म्हणतात. माणसाच्या मांडीपेक्षा जाड, वाफेनं तापलेला लोखंडी रूळ फिरत असतो. पुढे दोन बायका उभ्या राहतात, एकेक टोक धरून ओली चादर त्यात सोडतात, मागून ती कोरडी आणि कडक होऊन बाहेर येते. जिथे चादर आत जाते तिथे आडवी दांडी असते. चादरीबरोबर कोणाचा हात पुढे सरकला तर तो आधी या दांडीला लागतो, दांडी ढकलली जाते आणि यंत्र जागच्या जागी थांबतं. त्या बायकांचे हात आणि तो तापलेला रूळ यांच्या मधे एवढंच काय ते आहे.

त्याची बायको होती तेव्हाच कधीतरी ही दांडी बिघडली. तिचा आतला खटका गेला आणि यंत्र सुरूच होईना. मिस्त्रीनं नवी दांडी मागितली. मॅनेजर म्हणाला, मंजुरी येईपर्यंत काहीतरी करा. या मॅनेजरला मी साखऱ्या म्हणते. बोलताना तोंडाला मुंग्या लागतील असा गोड आहे. मिस्त्रीनं बघितलं हाताशी काय आहे. दोन तारा एकमेकींना जोडल्या, म्हणजे दांडी ठीक आहे असं यंत्राला वाटायला लागलं. यंत्र सुरू झालं. पण आता दांडी नुसती शोभेची. मग आमच्या कप्तानाला शांत झोप कशी यावी? त्यानं जुन्या शिवणयंत्राचं पायडल आणलं, ते दोघी बायकांच्या मधे जमिनीवर बसवलं आणि त्यापासून एक दोरी यंत्र बंद करायच्या दांड्यापर्यंत नेली. एकीचा हात अडकलाच तर दुसरीनं पायडल दाबायचं, यंत्र थांबतं.

"काय डोकं आहे हो मिस्त्रीचं!" साखऱ्या म्हणाला आणि नव्या दांडीचं नाव निघालं नाही ते निघालंच नाही. मिस्त्रीनं अधूनमधून आठवण केली. उत्तर ठरलेलं. "मिस्त्री, तुमच्यासारखा माणूस असताना नवी दांडी कशाला?"

हे तो मला घरी येऊन सांगायचा. आनंदानं! मी कपाळावर हात मारून घ्यायची. तुझं कौतुक नाही चाललेलं, तुला दांडीच्या जागी बसवलंय, असं म्हणायची. तो हसायचा.

यंदा तर कळसच झाला. इस्पितळाच्या वरच्या मंडळींना हे पायडल दाखवण्यात आलं. त्यांना ते इतकं आवडलं, की मिस्त्रीला 'कल्पक कर्मचारी' म्हणून मानचिन्ह द्यायचं ठरलं. आणि पुढची गोष्ट साखऱ्यानं अगदी खाजगीत सांगावी तशी सांगितली : त्यांच्या ताब्यातल्या इतर सगळ्या धुलाईघरांत असंच पायडल बसवायचं, आणि ते कसं बसवायचं हे मिस्त्रीनं फिरून शिकवायचं. म्हणजे दांड्या तिथल्याही जाणार. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेला माझा दीर त्या दिवशी घरी आला तो जमिनीपासून चार बोटं वर चालत होता.

"वहिनी, मानाचा तारा!"

"लोखंडी आहे की प्लास्टिकचा?" मी विचारलं.

समारंभाच्या आधी त्यानं डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकून घेतलं. उजवा डोळा आधीच अधू. डॉक्टरांनी दटावलं, काही आठवडे वाचन बंद, वाकायचं नाही, घरी बसायचं. आणि तो नेमका सोळाव्या का सतराव्या भागात होता, पाकोळी एका बर्फाळ चंद्राभोवती भरकटलेली. काळा चष्मा लावून खुर्चीत बसला आणि पोरासारखा म्हणाला, "वहिनी, तुम्ही वाचून दाखवाल?"

मी ही पुस्तकं तरुणपणी एकदा चाळली होती, चहा पिता पिता. आता रोज दुपारी मोठ्यानं वाचायची वेळ आली. मोठ्यानं वाचताना पानं गाळता येत नाहीत, त्यामुळे मला दिसायला लागलं. तिसऱ्याच दिवशी मी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं.

"हा पंप मागच्या भागातही गेला होता ना?"

"हो."

"आणि त्याच्या मागच्या?"

"तेव्हा गळत होता."

"मग कोणी बदलला का नाही?"

"वहिनी, गोष्ट आहे ती. बदलला तर गोष्ट कशी होणार?"

"सरसेनापतीकडे तारे लावायला वेळ आहे, पंप द्यायला नाही? नुसतं तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या. आणि हा तुझा शहाणा! एकदा तरी म्हणावं, पंप द्या नाहीतर मी निघत नाही. तो का म्हणत नाही?"

"कारण मग लोकांना वाचवणार कोण?"

"लोक आहेत कोणाच्या यानात? त्याच्याच ना? त्या फुटक्या यानात त्यांना बसवलं कोणी?"

"तुम्ही पुढे वाचा हो. तुम्हाला भांडायला माणूस कमी पडतोय म्हणून कप्तानाशी भांडताय."

पुढे वाचलं. आवाज मुद्दाम कोरडा ठेवून वाचलं. त्याला काही फरक पडत नव्हता, त्याला सगळं पाठ होतं. माझ्याआधी त्याचे ओठ हलायचे.

अशात एका दुपारी रोलरवरच्या थोरल्या बाई त्याची चौकशी करायला आल्या. या बाई रोलरपुढे इतकी वर्षं उभ्या आहेत, की त्यांच्या गालांवर कायमची लाली चढली आहे. थट्टेखोर बाई. जोडीदारणीला घेऊन आल्या नव्हत्या, याचंच मला आधी नवल वाटलं, कारण त्या दोघी कायम जोडीनं फिरतात.

"काय मिस्त्री, हिरोसारखा चष्मा लावून बसलाय!"

"आता मानचिन्ह घ्यायला असाच येणार. फोटो चांगला येईल."

"याच बरं का. तुम्ही नाही तर धुलाईघर कसं सुनं सुनं वाटतं."

मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी डाव्या हातानं घेतला. उजवा हात स्वेटरच्या बाहीत. त्या दिवसांत स्वेटर घालण्याजोगी थंडी नव्हती. मी बशी पुढे केली, तीही डाव्या हातानं. मला असली कोडी आवडत नाहीत.

"उजव्या हाताला काय झालंय?" मी विचारलं.

"कुठे काय, वहिनी? कढई लागली जरा."

"दाखवा."

त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मोठे केले आणि दिराच्या दिशेनं मान हलवली, म्हणजे त्याच्यासमोर नको. मी बाही वर सारली, पट्टी कोपरापर्यंत होती. मला दार बंद करून कानात बोलायची सवय नाही आणि आता लागणारही नाही.

"अरे, यांच्या हाताला पट्टी आहे. कोपरापर्यंत," मी मोठ्यानं सांगितलं.

तो खुर्चीतून उठला. "बघू."

"काही नाही हो मिस्त्री, वहिनींना उगाच..."

"बघू म्हटलं ना."

त्याला धड दिसत नव्हतं. त्यानं चाचपडत त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बोटांनी पट्टी कुठून सुरू होते, कुठे संपते, कुठली बोटं मोकळी आहेत, हे चाचपून पाहिलं. यंत्राच्या आत न बघता हात घालायची त्याला सवय आहे, तसंच. सगळी बोटं जागेवर होती. मग म्हणाला, "रोलर."

बाई रडायला लागल्या. मग सगळं बाहेर आलं. तो रजेवर गेल्यावर पायडलची दोरी सैल पडली. ती दोरी दर दोन-चार दिवसांनी तो स्वतः ताणून घ्यायचा, कशी आणि किती हे दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. एका सकाळी बाईंची बाही चादरीबरोबर आत खेचली गेली. जोडीदारणीनं पायडल दाबलं. थांबलं नाही. तिनं परत दाबलं, मग जिवाच्या आकांतानं त्यावर दोन्ही पायांनी उभी राहिली, तेव्हा थांबलं. तोवर हात भाजून निघाला होता. चिरडला गेला नाही, एवढंच नशीब.

"आणि हे मला कोणी सांगितलं नाही?"

"ठरवलं आम्ही सगळ्यांनी. तुमचा समारंभ होऊ दे, मग सांगू. पायडलमुळे झालं म्हटलं असतं तर तुमचा सत्कार रद्द केला असता त्यांनी. ती बिचारी तर म्हणाली, माझाच पाय चुकला म्हणून सांगू या. इतक्या वर्षांत तुमचं कोणी दोन शब्दांनी कौतुक केलं नाही, आता होतंय तर आम्हीच पाय ओढायचा का?"

म्हणजे भाजलेला हात स्वेटरमधे लपवून या बाया याच्यासाठी टाळ्या वाजवायला उभ्या राहणार होत्या. साखऱ्याला माहीत होतं का? होतं. त्यानं त्यांना सांगितलं होतं, "छान विचार केलात. मिस्त्रींना त्रास नको." मला वाटलं, आता दीर काहीतरी बोलेल. निदान हातातली वस्तू फेकेल. हातात काही नव्हतंच, पण टेबल होतं.

तो म्हणाला, "दोरीऐवजी साखळी लावायला हवी होती. साखळी सैल पडत नाही. मी उद्या येतो आणि..."

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. वयाप्रमाणे माझा आवाज आता जरा फाटतो, पण त्या दिवशी तो समोरच्या घरापर्यंत गेला.

"साखळी? या बाईचा हात भाजलाय आणि तू साखळी लावणार? शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! अरे, तुझं पायडल चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही. ते आहे म्हणून दांडी येत नाही! तू जितका हुशार, तितके यांचे हात उघडे. कळतंय का तुला? तू यांना वाचवत नाहीयेस. तू त्या साखऱ्याला वाचवतोयस!"

"वहिनी, हळू..." बाई म्हणाल्या.

"हळू का? भाजलं तुम्हाला आणि लपवताही तुम्हीच. तुमचंही कौतुकच आहे!"

बाई गेल्या. बिचाऱ्या माझ्यामुळे चहा न पिताच गेल्या. दीर आपल्या खोलीत जाऊन बसला. संध्याकाळी जेवला आणि परत आत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तक घेऊन बसले. वाचा म्हणाला नाही, वाचू नका असंही म्हणाला नाही. मी वाचत राहिले.

बर्फाळ चंद्राचं प्रकरण शेवटाला आलं होतं. पाकोळीची वाफेची नळी फुटते. कप्तान तिला स्वयंपाक्याच्या किटलीचं झाकण तारेनं बांधतो आणि शत्रूचा समाचार घ्यायला पुढे जातो. इकडे झाकण सुटायला लागतं. स्वयंपाकी ते पाठीनं दाबून धरतो. यान वाचतं, स्वयंपाकी मरतो. दोन ओळी. मग लगेच मुख्य तळावरचा समारंभ, पताका, तोफा, सरसेनापतींचं भाषण आणि तारा. दोन पानं.

"परत वाचा," दीर म्हणाला.

"समारंभ?"

"नाही. स्वयंपाकी."

मी त्या दोन ओळी परत वाचल्या.

"एवढंच आहे?"

"एवढंच. तुला तर पाठ आहे ना सगळं?"

"मला तारा पाठ आहे," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "पुढच्या भागात जेवण कोण करतं, वहिनी?"

मी पुढचा भाग काढून चाळला. "कोण करतं ते दिलेलं नाही. जेवण वेळेवर येतं."

त्यानं चष्मा काढून पुसला. पुसायचं काही नव्हतं त्यावर. त्या दुपारी आम्ही पुढे वाचलं नाही.

समारंभाला मीही गेले. ऐन वेळी हा विरघळणार आणि हसत हसत मानचिन्ह घेऊन येणार, अशी माझी जवळजवळ खात्री होती. तो माझ्याआधी तासभर तिकडे निघून गेला, तेव्हा तर मला वाटलं, गेला साखळी लावायला.

धुलाईघरात ओल्या कापडाचा आणि सोड्याचा वास कोंदलेला असतो. कपड्यांच्या गाड्या भिंतीला सारून मधे खुर्च्या मांडल्या होत्या. पायडलभोवती लाल फीत लावली होती. खरंच लावली होती! इस्पितळाचे मोठे साहेब आले, साखऱ्या त्यांच्या मागेपुढे. बायका एका बाजूला ओळीनं उभ्या. थोरल्या बाईंच्या अंगात तो स्वेटर. साखऱ्यानं भाषण केलं. साधनं कमी असोत, इच्छा असली की मार्ग निघतो, आमचे मिस्त्री म्हणजे चालतंबोलतं उदाहरण, वगैरे. मग म्हणाला, "आता आपण प्रत्यक्षच पाहू. मिस्त्री, रोलर सुरू करा."

मिस्त्री जागेवरून हलला नाही. साखऱ्यानं स्वतःच जाऊन बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. रूळ ढिम्म.

"होणार नाही," दीर म्हणाला. "मी तार काढून टाकलीय. आता दांडी चांगली असल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. तसंच बनवलंय त्याला, बनवणाऱ्यानं."

साखऱ्या हसला. मोठ्या साहेबांकडे बघून, आमच्याकडे बघून, सगळ्यांकडे बघून हसला. मग दिराच्या अगदी जवळ गेला. मी पुढच्याच खुर्चीत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"मिस्त्री, काय हे? तुम्हाला अर्ध्या मिनिटाचं काम ते."

"हो. तेवढंच आहे."

"मग करा ना. पाहुणे उभे आहेत. नंतर आपण दांडीचं बघू, माझा शब्द."

"शब्द पुष्कळ झाले, साहेब. दांडी आणा."

"अहो, आणि वॉर्डातल्या चादरी? पेशंटांचा तरी विचार करा."

"बिनइस्त्रीच्या पाठवा. धुतलेल्या आहेत, वाळवून पाठवा. सुरकुत्यांनी कोणी मरत नाही."

"तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला हे जमणार नाही हो," साखऱ्या म्हणाला. त्याला माहीत होतं, कुठे बोट ठेवायचं ते.

मी दिराच्या हातांकडे बघत होते. त्याचे हात खिशात होते आणि खिसे हलत होते. यंत्र बंद पडलेलं असताना तो जन्मात कधी नुसता उभा राहिलेला नाही. समोर कोणी बुडत असावं आणि पोहता येणाऱ्याला बांधून ठेवावं, तसा तो उभा होता. मी मनात म्हणाले, हा आता जाणार. जाऊन ती तार जोडणार.

"मिस्त्री," मोठे साहेब म्हणाले, "अडचण काय आहे नक्की?"

"हे पायडल, साहेब. ते मी केलं ते चुकलं. बाकीच्या धुलाईघरांत लावणार म्हणता, कुठेही लावू नका. मी रजेवर गेलो आणि ते निकामी झालं. जे मी घरी बसल्यावर चालत नाही त्याला सोय म्हणत नाहीत." त्यानं खिशातून हात बाहेर काढले. "आणि ते आहे म्हणून दांडी येत नाही. तेव्हा तेही काढतो."

त्यानं बाईंचं नाव काढलं नाही, हात दाखवा म्हटलं नाही. वाकायला डॉक्टरांनी मनाई केली होती, तरी लाल फितीच्या आत वाकला आणि पायडल उचकटायला लागला. बोल्ट गच्च होता. कोणी पुढे होईना. तेव्हा थोरल्या बाई ओळीतून निघाल्या, स्वेटर काढून गाडीवर टाकला आणि पांढरी पट्टी बांधलेल्या हातानं त्याला पाना दिला. मोठ्या साहेबांनी पट्टी बघितली. मग साखऱ्याकडे बघितलं. साखऱ्या लाल फीत गुंडाळायला लागला.

मानचिन्ह कोणी दिलं नाही, त्यानं मागितलं नाही. टेबलावर होतं ते टेबलावरच राहिलं.

कोणाला वाटत असेल की पुढे तो मोठा वीर ठरला, तर तसं काही नाही. रोलर बंद. बायकांना चादरी हातानं ताणून घड्या घालाव्या लागायच्या, त्यांचे खांदे भरून यायचे आणि त्या त्यालाच बोलायच्या. "मिस्त्री, तत्त्व तुमचं आणि पाठ आमची!" थोरल्या बाईंची जोडीदारीण तर त्याच्याशी बोलेना. साखऱ्या रोज सकाळी येऊन गोडीगुलाबीनं विचारायचा, "बघा ना, हाताशी काही आहे का." मग गोडी गेली आणि त्यानं बाहेरून दुसरा कारागीर आणायची भाषा केली. तो कारागीर आला, त्यानं तारा बघितल्या, मोठ्या साहेबांनी या यंत्राची चौकशी लावली आहे हे बायकांकडून ऐकलं आणि "माझ्या हातून हे व्हायचं नाही" म्हणून निघून गेला. घरी आल्यावर दीर पुस्तक उघडायचा आणि मिटायचा. डोळा बरा झाला होता. मी विचारलं नाही.

आणि एक दिवस दांडी आली. वर्षानुवर्षं ज्या दांडीला मंजुरी नव्हती ती चौकशी लागल्याबरोबर आली. यंत्र बनवणाऱ्यांचे दोन लोक खोक्यात घालून घेऊन आले. त्यांनी जुनी काढली, नवी लावली, हातानं ढकलून पाहिली. यंत्र थांबलं. परत सुरू केलं. चहा प्याले आणि गेले.

त्या संध्याकाळी दीर घरी आला तो चपला न काढता सरळ स्वयंपाकघरात. मी कणीक मळत होते.

"वहिनी, एका सकाळचं काम होतं," तो म्हणाला.

"लावली ना? बरं झालं."

"बरं काय झालं? एका सकाळचं! अहो, चहासकट! चार बोल्ट आणि एक खटका! मी इतकी वर्षं त्या दोरीला जपत बसलो, रजा घेतली नाही, हिच्या आजारपणातसुद्धा..." म्हणजे त्याच्या बायकोच्या. तिच्या शेवटच्या दिवसांत तो दुपारी धावत धुलाईघरात जाऊन दोरी ताणून परत यायचा, हे मला माहीत होतं. त्याच्या तोंडून ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "मी तिथे होतो आणि तिला पाणी हवं होतं! चार बोल्टांसाठी!"

त्यानं ओट्यावर मूठ आपटली. डबे हलले. परत आपटली. या माणसाला मी तो शाळकरी असल्यापासून ओळखते, त्याला संतापलेला मी कधी पाहिला नव्हता. चेहरा लालबुंद, शिवी द्यायची सवय नसल्यामुळे तोंडात अर्धवट शब्द. साखऱ्याला, मोठ्या साहेबांना, सरसेनापतीला, एका दमात सगळ्यांना.

बायकांचा स्वभाव समजूत घालायचा असतो म्हणतात. मी समजूत घातली नाही. मी कणकेचे हात तसेच ठेवून स्टूल पुढे सरकवलं आणि म्हटलं, "बस. आणि सगळं बोल. पहिल्यापासून."